इंजेक्शनशिवाय स्तनाचा एमआरआय: डिफ्यूजनचं राहिलंच

'गॅडोलिनियम न देता काढलेला स्तनाचा एमआरआय म्हणजे फुकटचा उद्योग' असं मत या चर्चेत कुणीतरी मांडलंय, ते मला अर्धंच पटलं. (गॅडोलिनियम म्हणजे गाठी चित्रात उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून इंजेक्शनने देतात ते औषध.) कॅन्सर शोधायचा असेल तर टी-१, टी-२ या एमआरआयच्या नेहमीच्या साध्या चित्रांपुरतं ते खरं आहे. पण डिफ्यूजन एमआरआयचा विषय अजून कुणी काढलाच नाही. त्यात पाण्याचे रेणू पेशींच्या आजूबाजूला किती मोकळेपणाने फिरतात ते मोजतात. गाठीत पेशींची दाटी असली की ही हालचाल अडते, ती मोजणारा एडीसी नावाचा आकडा खाली येतो आणि डिफ्यूजनच्या चित्रात तो भाग उजळ दिसतो. गरोदरपणात गॅडोलिनियम शक्यतो टाळतात, तिथे हे कामाला येतं.

मात्र डोळे मिटून भरवसा ठेवावा असंही नाही. म्युसिनस कॅन्सरमध्ये श्लेष्मल द्रव भरपूर, त्यामुळे एडीसी चढाच राहतो आणि गाठ निरुपद्रवी वाटू शकते. उलट पू झालेलं गळू कॅन्सरसारखं दिसतं. अगदी बारीक गाठी आणि डीसीआयएस, म्हणजे दुधाच्या नळीपुरताच असलेला अगदी सुरुवातीचा कॅन्सर, तर निसटतातच बऱ्याचदा, कारण या चित्रांचं रिझोल्यूशन कमी. आणि हो, सिलिकॉन इम्प्लांट फाटलंय का एवढंच बघायला काढलेला एमआरआय इंजेक्शनशिवायच असतो, पण त्याला कॅन्सरची तपासणी समजू नका.