लढाऊ विमानांची गस्त: बोस्नियात नेमकं कुठं अडलं?

कसबा_४११:
विद्यापीठात संरक्षणशास्त्राच्या सेमिनारला विषय घेतलाय: लढाई थांबल्यावर टेहळणीला आणि बंदोबस्ताला लढाऊ विमानं कितपत उपयोगी? बोस्नियात, युद्ध अजून चालू असतानाच, एप्रिल १९९३ पासून नाटो उड्डाणबंदी राबवत होती, तरी उल्लंघनं चालूच राहिली. लोहगावची सुखोई डोक्यावरून गेली की वाटतं, एवढ्या विमानाला एका शहरावर नजर ठेवणं काय अवघड?

रडारवाला:
अडचण वळणाची आहे. वळणाची त्रिज्या काढायला वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरण आणि कलाच्या कोनाचा (वळताना विमान एका बाजूला किती झुकतं त्याचा) टॅन यांच्या गुणाकाराने भागायचं. ताशी ७९० किमी आणि ४५ अंश कल धरला तर उत्तर येतं जवळपास ५ किमी. म्हणजे शनिवारवाडा मध्ये धरून विमान खडकीवरून बिबवेवाडीपर्यंत फिरणार, फेरीला १४० सेकंद. उंची ६ किमी असेल तर कॅमेरा उभ्या रेषेपासून ४० अंश तिरका बघतो. पेठेतला ३ मीटरचा बोळ, दोन्हीकडे १२ मीटरच्या इमारती: विमान बोळाच्या रेषेत येईल तेवढेच क्षण जमीन दिसेल, एरवी गच्च्या आणि पत्रे. सेकंदाला ४० मीटरने जाणारं ड्रोन २० अंश कलात साडेचारशे मीटर त्रिज्येत वळतं, जवळजवळ डोक्यावरच.

जेटचं काम जेटशी. २८ फेब्रुवारी १९९४ ला बान्या लुकाजवळ बॉम्ब टाकून परतणारी ४ हलकी हल्लाविमानं नाटोच्या एफ-१६ लढाऊ विमानांनी पाडली. इशारे देऊन झाले होते, लक्ष्य ठळक होतं.

मुळाकाठ:
आणि उल्लंघनं करत होती मुख्यतः हेलिकॉप्टरं! दरीतून खालून जाणारं हेलिकॉप्टर डोंगराआड गेलं की अवॅक्सलाही (मोठं रडार घेऊन उंचावरून पाळत ठेवणाऱ्या विमानाला) दिसत नाही. जेट जवळ आलं की ते उतरतं, जेट इंधनासाठी वळलं की पुन्हा उडतं. काहींवर रेड क्रॉस रंगवलेला. आत जखमी आहेत की दारूगोळा, हे वरून कोण सांगणार? पाडलं आणि आत जखमी निघाले तर तहाची बोलणीच धोक्यात.

उलटी चूक त्याहून वाईट. १४ एप्रिल १९९४, उत्तर इराक, तिथंही उड्डाणबंदीच राबवली जात होती: अमेरिकेच्याच दोन एफ-१५ नी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक पाडली, २६ जण गेले. हेलिकॉप्टरं ओळख-यंत्रणेचा (विमान आपलंच आहे हे आपोआप कळवणाऱ्या यंत्राचा) त्या क्षेत्रात लागू नसलेला कोड वापरत होती. बाजूच्या जादा इंधनटाक्यांमुळे आकार रशियन हाइंड हेलिकॉप्टरसारखा वाटला. अवॅक्स वर हजर होतं, तरी कुणी थांबवलं नाही. सेमिनारमध्ये हे सविस्तर घ्या, बाकी सगळं याच्यापुढे दुय्यम.

कसबा_४११:
मग ड्रोन किती लागतील? आणि त्या चित्रावर कारवाई करता येते का?

रडारवाला:
ड्रोन १२ तास हवेत राहतं, जायला दीड तास आणि यायला दीड तास धरला तर हाती ९ तास. दिवसाला ३ फेऱ्या, एक देखभालीत: एका जागेसाठी ४ धरा. तीन आहेत म्हणून तीनच मांडलीत तर पहिल्या इंजिन-बिघाडाला साखळी तुटते.

मुळाकाठ:
कारवाईचं गणित पिक्सेलचं. १ अंशाचं दृश्यक्षेत्र आणि तिरकं अंतर ६ किमी असेल तर जमिनीवर १०५ मीटर रुंदी दिसते. ती १,२८० पिक्सेलांत वाटली की पिक्सेलला ८ सेंमी. माणूस सहा पिक्सेल रुंद, बंदुकीची नळी एकाहून कमी. काठी की बंदूक, हे ठरत नाही. रात्री ६४० पिक्सेलांचा उष्णता-कॅमेरा असेल तर माणूस तीनच पिक्सेलांचा. जुलैतल्या पुण्यासारखे ढग असले तर तोही आंधळा, मग रडार-चित्रण हवं, पण त्यात चेहरा किंवा हातातली वस्तू नाही मिळत.

काँगोत डिसेंबर २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गोमा शहरातून उडवलेली फाल्को ड्रोनं निःशस्त्र होती. वरून फक्त जागा सांगायची, तपासायला जीप जायची. जीप पोहोचायला दोन तास लागणार असतील तर ड्रोनवर खर्च करण्याआधी रस्त्यावर करा.