घरगुती कारखान्यात स्की तयार करणे: गाभ्याचे लाकूड कोणते आणि दाब कसा द्यावा?

प्रश्न | रंधेकरी, सातारा

साताऱ्यात माझा फर्निचरचा लहानसा कारखाना असून थिकनेस प्लॅनर, राउटर, बँड-सॉ आणि एक जुना कंप्रेसर एवढी यंत्रे हाताशी आहेत. माझा भाचा दोन हिवाळे गुलमर्गला स्कीइंग शिकायला जातो आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, एवढी कपाटे करता, मला एक जोडी स्की करून द्या की.’ मी ते हसण्यावारी नेले. परंतु त्याने सोबत आणलेली एक मोडकी स्की तीन ठिकाणी आडवी कापून पाहिली आणि तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही. आत उभ्या पट्ट्या जोडून केलेला लाकडी गाभा, त्याच्या वर आणि खाली फायबरग्लासचा थर, तळाला काळे प्लॅस्टिक आणि दोन्ही बाजूंना पोलादाची बारीक कड, असा छेद दिसला. गाभ्याची जाडी पायाखाली 11 मिलिमीटर भरली आणि टोकांकडे ती 2 मिलिमीटरपर्यंत उतरत गेली होती.

बाहेरदेशी यासाठी ॲश, मेपल, पॉपलर ही लाकडे वापरतात असे वाचले. आपल्याकडे साग, शिवण, आंबा आणि बांबू सहज मिळतात; त्यांपैकी कोणते घ्यावे? दुसरे असे की, साच्यावर सगळे थर ठेवून वरून दहाबारा सी-क्लॅम्प आवळले तर चालेल, की वेगळी प्रेस करावीच लागेल?

उत्तर | मिरजकर

मी तंतुवाद्यांच्या कामातला आहे, स्की कधी हातात धरलेली नाही. त्यामुळे फक्त लाकडाविषयी लिहितो. आंबा घेऊ नये. त्याचे रेषे सरळ मिळतील याची खात्री नसते आणि किडीचा त्रास असतो. साग टिकाऊ खरा, पण तेलकट असल्यामुळे इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद) नीट धरत नाही. वापरायचाच असेल तर ताजा रंधलेला पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच जोडावा. माझे मत शिवणीला आहे, कारण ती हलकी असते आणि एकदा वाळली की फारशी वळत नाही. मात्र शिवण मऊ असल्याने जेथे बूट अडकवण्याचे स्क्रू बसतात तेथे मधोमध बाभळीच्या दोन पट्ट्या घालाव्यात. बैलगाडीच्या चाकाला जे लाकूड पुरले ते स्क्रूलाही पुरेल. कडेला दोन्ही बाजूंनी बांबूची एकेक पट्टी दिल्यास लवचिकपणा चांगला येतो.

पट्ट्या साधारण 12 ते 15 मिलिमीटर रुंदीच्या काढून एक सुलटी आणि एक उलटी अशा जोडाव्यात, म्हणजे एकीची वळण्याची ओढ दुसरी मारते. लाकडातला ओलावा 8 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय हात लावू नये. आषाढात जोडलेला गाभा मार्गशीर्षात आकसतो, आणि स्की तर त्याहून कोरड्या थंडीत जाणार आहे. शिवाय प्लॅनरवर हात जपून चालवा: नुसत्या लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे 11 ऐवजी 12 मिलिमीटर ठेवले की पट्टी सुमारे 30 टक्के अधिक ताठ होते. दोन्ही स्की एकाच सेटिंगवर रंधा.

उत्तर | फॅब्रिकेटर, सांगली

सी-क्लॅम्पचा विचार सोडून द्या. क्लॅम्प जेथे बसतो तेथे इपॉक्सी पिळून निघून जाते आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये ती साचून राहते. पुढे तेथूनच थर सुटतात.

हौशी कारागीर जी प्रेस करतात तिची रचना अगदी साधी असते. खाली आणि वर लोखंडी गर्डर, खालच्या गर्डरवर साचा, आणि वरच्या गर्डरखाली दोन्ही टोके बंद केलेला अग्निशमनाचा कॅनव्हास पाइप, ज्यात कंप्रेसरने हवा भरायची. पण हिशेब करून पाहा. स्की 180 सेंटिमीटर लांब आणि सरासरी 11 सेंटिमीटर रुंद धरली, तर क्षेत्रफळ 1,980 चौरस सेंटिमीटर होते. 40 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.8 किलो दाब दिला, की वरच्या गर्डरला साडेपाच टनांचा रेटा बसतो. पाइप फुगलेला दिसतो तेवढाच. हा रेटा डोळ्यांना दिसत नाही, आणि बोल्ट तुटला की गर्डर उडतो. माझ्या शेडमध्ये एकदा कंप्रेसरच्या पाइपचा नुसता क्लिप निसटला होता, तर त्याच्या फटक्याने समोरच्या पत्र्याला पोचा आला. म्हणून अशी प्रेस केलीच, तर पहिली चाचणी पाइपात हवेऐवजी पाणी भरून घ्यावी. पाणी दाबले जात नसल्याने काही फुटले तरी ते गळते, उडत नाही.

पहिल्या जोडीसाठी मी व्हॅक्यूम पिशवी सुचवेन, म्हणजे सगळे थर साच्यासह हवाबंद पिशवीत घालून आतली हवा पंपाने काढून घ्यायची. तिच्यात वातावरणाचाच दाब मिळतो, त्याहून अधिक नाही. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर असल्यामुळे तोही दर चौरस सेंटिमीटरला 0.95 किलोच्या पुढे जात नाही. साधा पंप त्यातला 0.8 किलो देईल असे धरले तरी तुमच्या स्कीवर दीड टनाहून अधिक भार पडतो, तोही सगळीकडे सारखा. इपॉक्सी मात्र सावकाश जमणाऱ्या हार्डनरची घ्या आणि काम पहाटे करा. तापमान 10 अंशांनी वाढले की हाताशी असणारा वेळ साधारण निम्मा होतो; आपल्याकडच्या एप्रिलमध्ये दुपारी भांड्यातच दगड होईल.

उत्तर | फायबरवाला, कराड

वरील दोघांनी लाकूड आणि दाब यांविषयी लिहिले, पण बहुतेकांची पहिली स्की फसते ती तळाशी. तो काळा तळ अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनचा असतो, आणि पॉलिथिनला काहीही चिकटत नाही. म्हणून तर ते बर्फावर घसरते. स्कीसाठी मिळणाऱ्या पत्र्याची एक बाजू चिकटण्यासाठी प्रक्रिया केलेली असते. हॉपरला (धान्य किंवा कोळसा ओतण्याच्या नरसाळ्यासारख्या टाकीला) आतून लावण्याचा असाच प्लॅस्टिकचा पत्रा आपल्याकडे मिळतो, पण तो तसाच वापरल्यास नखाने सोलून निघेल. त्याची वरची बाजू खरखरीत पॉलिशपेपरने घासून, पुसून, गॅसच्या टॉर्चच्या निळ्या ज्योतीचे टोक तिच्यावरून झपाट्याने फिरवावे. पिवळी ज्योत काजळी धरते. नंतर पाणी शिंपडून पाहावे. पाण्याचे मणी झाले तर प्रक्रिया लागली नाही. पाणी पसरून पातळ थर झाला तर पत्रा कोरडा करून त्याच दिवशी जोडावा.

पोलादी कडा विकतच मागवा. त्या थरात अडकून राहाव्यात म्हणून त्यांना आतल्या बाजूने दाते असतात, ते हाताने कापण्यात अर्थ नाही. आणि बूट धरणारी बाइंडिंग घरी करण्याच्या फंदात कृपया पडू नका. पडताना ती ठरलेल्या जोराला सुटली नाही, तर गुडघा किंवा नडगी जाते. ती भाच्याचे वजन, उंची, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून जाणकाराकडून लावून घ्यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद | रंधेकरी, सातारा

सर्वांचे आभार. व्हॅक्यूम पिशवीच करायची असे ठरवले आहे. मोडक्या स्कीची मापे पुन्हा घेतली: पुढे 118, कमरेला 84 आणि मागे 108 मिलिमीटर. पुढची आणि मागची सरासरी 113, म्हणजे प्रत्येक बाजूने साडेचौदा मिलिमीटरची कमान. बर्फाला टेकणारी कड 150 सेंटिमीटर धरली तर वळणाची त्रिज्या सुमारे 19 मीटर येते. राउटरचा साचा त्याच मापाचा कापला आहे.

काल हॉपरच्या पत्र्याचा हातभर तुकडा घेऊन अर्ध्या भागावर ज्योत फिरवली आणि अर्धा तसाच ठेवला. एका बाजूला पाणी पसरले, दुसऱ्या बाजूला अळवाच्या पानावरच्यासारखे मणी झाले. दोन्हींवर फायबरग्लास चढवून आज सकाळी सोलून पाहिले. कोरी बाजू एका ओढीत सुटली. ज्योत दिलेल्या बाजूला पटाशी घालावी लागली आणि शेवटी पत्र्याऐवजी फायबरचाच थर चिरला. शिवणीच्या पट्ट्या कापून माळ्यावर रचल्या आहेत. ओलावा अजून 13 टक्के दाखवतो आहे, तेव्हा भाच्याला यंदाही भाड्याच्याच स्की घ्यायला सांगितले आहे.