मदत हवी आहे: सहा आठवडे झाले म्हणतात, पण सोनोग्राफीत नुसती पिशवी दिसली

अबोली_पुणे:
कुणाला असं झालं असेल तर प्लीज सांगा, दोन रात्री झोप नाही.

वय ३०, पहिलीच वेळ. शेवटची पाळी ५ मेला आली. १४ जूनला घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या, दुसरी जरा फिकट. १६ला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती तारखांची गोल चकती फिरवली आणि म्हणाल्या, "सहा आठवडे पूर्ण." मी मनात हिशोब घातला तर सहा आठवड्यांपूर्वी मला पाळीच चालू होती, आणि नवरा कामासाठी चेन्नईला! तो शेजारीच बसलेला. विचारायचं धाडस झालं नाही.

मग फॉर्मवर सही करून आतून सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये पिशवी ५ मिमी, गर्भ दिसत नाही, ठोके दिसत नाहीत. "२७ला परत या, फोलिक अ‍ॅसिड चालू ठेवा." एवढंच. बाहेर रांग होती, मीही उठले. घरी येऊन पट्टीवर ५ मिमी बघितलं. भिजलेला साबुदाण्याचा दाणा असतो तेवढं. तेव्हा कुठे रडू आलं.

त्रास म्हणाल तर छाती दुखते, सारखं लघवीला जावं लागतं, संध्याकाळी सातला डोळे मिटतात. मळमळ मात्र अजिबात नाही. वहिनीला पाळी चुकल्यापासून कोरडे उमासे यायचे म्हणे. आणि काल एकदाच तपकिरी डाग दिसला, पोटात दुखत वगैरे नाही.

मळमळ नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय का? सहा आठवड्यांना ठोके दिसायलाच हवेत ना? नेटवर तेच लिहिलंय.

खमंग_चिवडा:
पपई खाल्लीस का कधी एवढ्यात?

अबोली_पुणे:
नाही हो. आता पपईचंही टेन्शन द्या.

सिस्टर_सांगली:
पपई राहू दे बाजूला. मी प्रसूती विभागात बरीच वर्षं काढली आहेत, तुझ्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, पण हिशोब तेवढा समजावते.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण बाईला तेवढी एकच तारीख नक्की माहीत असते. म्हणजे पहिले दोन आठवडे तू गरोदर नसतेसच. तेव्हा चेन्नईचा प्रश्न मिटला, नवऱ्याला शांतपणे जेवू दे.

आता खरं सांग, तुझी पाळी किती दिवसांनी येते? ती चकती २८ दिवस धरून चालते. कुणाची ३५ दिवसांनी येत असेल तर बीजच आठवडाभर उशिरा सुटतं. मग चकतीवर सहा आठवडे आणि पोटात पाच. आतून केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या आसपास नुसती पिशवी दिसते, साडेपाचच्या सुमारास तिच्यात छोटं कडं, आणि ठोके साधारण सहा ते साडेसहाला. ५ मिमीची पिशवी पाच आठवड्यांना अगदी बसते. म्हणूनच एका स्कॅनवर कुणी काही ठरवत नाही, सात ते चौदा दिवसांनी परत बघतात. हवं तर ४८ तासांच्या अंतराने दोनदा रक्तातलं बीटा एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) तपासायचं का, हे डॉक्टरांना विचार. ते चांगलं वाढतंय का, हे त्यावरून कळतं.

मळमळ बऱ्याच जणींना सहाव्या आठवड्याच्या पुढे सुरू होते, नवव्याच्या आसपास जास्त होते. काहींना होतच नाही. वहिनीचे उमासे वहिनीचे.

तपकिरी डाग एकदाच, दुखत नाही, तर घाबरू नकोस, पण डॉक्टरांना फोन करून सांग. मात्र लाल रक्त जाऊ लागलं, पोटात एकाच बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाला दुखलं किंवा चक्कर येऊन अंधारी आली, तर २७ची वाट बघायची नाही. रात्र असली तरी गाठायचं. गर्भ नळीत राहिला असेल तर असं होतं, आणि पिशवी नक्की गर्भाशयातच आहे ना, हेही डॉक्टरांना स्पष्ट विचार. अर्धी काळजी तिथेच संपेल.

रक्तगट कळलाय का? निगेटिव्ह असेल तर डागाबद्दल बोलताना तेही सांग.

नदीकाठ:
मी उलटी बाजू लिहिते, रागावू नकोस. माझंही असंच पहिल्यांदा नुसती पिशवी दिसली. दहा दिवसांनी पिशवी मोठी, आत काहीच नाही. आणखी आठवडाभर थांबून मग नक्की सांगितलं. मी त्या महिन्यात जिना चढले, गाडी चालवली, उडदाची डाळ खाल्ली, सगळं आठवून आठवून स्वतःला बोल लावले. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवातीलाच असं होतं तेव्हा बहुतेक वेळा गुणसूत्रांतच गडबड असते, तुमच्या जिन्याने काही होत नाही. पुढच्या वर्षी मुलगी झाली. तुझं काय होईल हे इथे कुणीच सांगू शकत नाही. पण तू काही केलं नाहीस, एवढं धरून ठेव.

अबोली_पुणे:
ताई, तुमचं वाचून आधी स्वयंपाकघरात गेले. कालनिर्णयवर मी गॅस सिलिंडर आणि पाळी दोन्ही लिहिते, एकाला गोल, एकाला फुली. जानेवारीपासूनच्या फुल्या मोजल्या: ३४, ३६, ३५ दिवस. डॉक्टरांनी "पाळी नियमित का?" विचारलं होतं आणि मी "हो" म्हणाले होते. नियमितच आहे की, पस्तीस दिवसांनी!

फोन करून सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या हे आधी सांगायचं. पिशवी गर्भाशयातच आहे. रक्तगट बी पॉझिटिव्ह. बीटा एचसीजी नको, २७लाच बघू म्हणाल्या, डाग परत आला तर आधी या.

नदीकाठ, तुमचं दोनदा वाचलं. उडदाची डाळ मीही आठवत होते.

आता नवीनच प्रश्न. तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय, पण आज सासूबाईंनी लसणाची फोडणी दिली आणि मी नाकाला पदर लावून गॅलरीत गेले. त्या काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने गॅलरीत पाणी आणि वाटीत आमसूल ठेवून गेल्या. त्यांना कळलंय का?

सिस्टर_सांगली:
अगं, तुझ्या आधी कळलं असेल.