काळजी वाढली की नेमकं काय करायचं? रोजचे साधे उपाय (अनुभव धागा)

शेवंती:
माळा आवरताना जुनी 'काळजीची वही' सापडली आणि वाटलं, यावर धागा हवाच. निकालांचे, ॲडमिशनचे दिवस आहेत, घराघरात जीव टांगणीला लागलेत. "टेन्शन घेऊ नकोस" सोडून नेमकं काय करायचं ते लिहा. मी वहीपासून सुरुवात करते.

रोज एक ठरलेली वेळ, १५-२० मिनिटं, आणि ठरलेली खुर्ची. संध्याकाळी ५-६ बरी. झोपायच्या आधी अजिबात नको, तीच उजळणी अंथरुणात चालू राहते. दिवसभरात काळजी डोकं वर काढेल तेव्हा दोन शब्द टिपायचे ("आईचा रिपोर्ट", "घराचा हप्ता") आणि हातातलं काम पुढे चालू. वेळ झाली की वहीत दोन रकाने: डावीकडे काळजी, उजवीकडे त्यावर उद्या करता येईल असं एकच काम. "पैशांचं बघायला हवं" हे काम नाही. "११ वाजता बँकेत जाऊन हप्त्याची तारीख बदलता येते का विचारणे" हे काम. आपल्या हातात काहीच नसेल तिथे आडवी रेघ. गजर झाला की वही बंद, आणि लगेच उठून चालायला जायचं.

थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. पलंग, ओटा, बस, सगळीकडे काळजी करत राहिलं की त्या जागी गेल्यावर ती आपोआप सुरू होते. तिला एकच जागा दिली की बाकीच्या जागा हळूहळू सुटतात. बरेच जण पहिल्या आठवड्यातच सोडून देतात, कारण तेव्हा टिपणं फार होतात. दोन-तीन आठवडे द्या.

रानवारा:
उत्तम धागा. श्वासाचं लिहितो. "खोल श्वास घ्या" सांगितलं की माणूस छाती फुगवून भराभर घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घाबरणं वाढतं. भर सोडण्यावर हवा. नाकाने ४ मोजत घ्यायचा, ६ मोजत सोडायचा. मिनिटाला ६ श्वास होतात. एक हात पोटावर ठेवा, तोच हलला पाहिजे, खांदे नाहीत. ५ मिनिटं पुरे. ६ मोजताना दम लागत असेल तर ३ आणि ४ ने सुरू करा. आणि सराव शांत असताना करा, ऐन घबराटीत नवीन काही जमत नाही.

मोगरावेल:
+१. कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. मोजायचा कंटाळा असेल तर भ्रामरी. गुणगुणताना श्वास आपसूक लांब सुटतो. ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांवर दाबायचे नाहीत, नाहीतर जबडा दुखतो. ५-७ वेळा.

काळा_फत्तर:
ज्यांची काळजी अंगात बसते (मान आखडणे, दात आवळणे) त्यांच्यासाठी जेकबसनची पद्धत. एडमंड जेकबसन, शिकागोचे डॉक्टर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. आडवं पडून एकेक भाग घ्यायचा: मुठी, दंड, खांदे कानापर्यंत, कपाळ, पोट, मांड्या, पोटऱ्या. ५ ते ७ सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून २० सेकंद तो सैल झालेला जाणवू द्यायचा. ही २० सेकंदं लोक गाळतात आणि मग म्हणतात गुण येत नाही. पोटरीला पावलाची बोटं स्वतःकडे ओढा, पुढे ताणलीत तर गोळा येतो. दुखरा भाग सोडून द्या.

चांदणवेळ:
वाचतेय. रोज रात्री ३ ला जाग येते आणि चक्र सुरू. काही सुचवा ना 🙏

शेवंती:
चांदणवेळ, फार थकवणारं असतं गं हे. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेव. साधारण २० मिनिटं झोप नाही असं वाटलं की पलंग सोडायचा, दुसरीकडे मंद दिव्यात कंटाळवाणं काम. कपड्यांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या. मोबाईल नको. डोळे जड झाले की परत. आणि सकाळी उठायची वेळ बदलायची नाही, कितीही कमी झोप झाली तरी. भरपाई म्हणून उशिरापर्यंत झोपलीस तर पुढची रात्र बिघडते.

रानवारा:
चहा किती वाजता शेवटचा? कॅफीन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे ६ च्या चहातलं निम्मं ११ ला अंगात असतं. दुपारी २ नंतर बंद करून बघा. एकदम तोडू नका, डोकं दुखतं. आधी कप अर्धा करा.

चांदणवेळ:
साडेसहाचा चहा आहे 😟 आजपासून अर्धा कप.

पाणपोई:
सगळे काळजीवर लिहितायत, मी उदासीवर. "मूड आला की करू" म्हणत बसलं तर तो येत नाही. आधी काम, मूड मागून येतो. काम इतकं लहान ठेवा की नाही म्हणता येणार नाही. मेथीची एकच जुडी. खाली वर्तमानपत्र, मूळ तोडायचं, देठाला चिमटीत धरून पानं खुडायची, पिवळं बाजूला. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, वास भरून राहिलेला, आणि शेवटी ढीग दिसतो. तो दिसणारा ढीग महत्त्वाचा. टीव्ही लावून निवडू नका, लक्ष फाटतं.

निवडुंग:
पूरक माहिती. धडधड, थकवा, अस्वस्थता थायरॉइड वाढल्याने किंवा रक्त कमी असल्यानेही होते. शाकाहारी लोकांनी बी१२ जरूर तपासावं. छातीत दुखत असेल तर श्वासाचे प्रयोग करत बसू नका, आधी दवाखाना. आणि दोन आठवडे रोजच उदास वाटत असेल, कामं अडत असतील, तर १४४१६ लावा. टेली मानस, सरकारी आणि मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन.

मोगरावेल:
कुकर झाला. निवडुंग, हे वर पिन करायला हवं.
पाणपोईंच्या मेथीवरून जात्यावरच्या ओव्या आठवल्या. दळताना बायका सासर-माहेरचं सगळं गाण्यात बोलून घ्यायच्या. हातांना ताल, ओळीगणिक लांब सुटणारा श्वास, ऐकायला समोर दुसरी बाई. वरचे निम्मे उपाय त्यात आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत.

चांदणवेळ:
कुठे ऐकायला मिळतील?

मोगरावेल:
'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर आहेत, मूळ आवाजात. दिवसा ऐक पण, रात्री ३ ला नको.

काळा_फत्तर:
अवांतर: निवडलेली मेथी किती दिवस टिकते?

पाणपोई:
न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ४-५ दिवस. ओली राहिली तर दोन दिवसांत काळी पडते. धुवायची ती करतानाच.