मदत हवी आहे : एका डोळ्याची वरची पापणी सुजली आहे

चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तेव्हा उजव्या डोळ्याची वरची पापणी जड वाटत होती आणि आरशात पाहिले तर ती इतकी उतरली होती की डोळा अर्धाच उघडत होता. दुपारपर्यंत सूज थोडी ओसरते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तशीच असते.

घरात सर्वांनी रांजणवाडी म्हणून निकाल दिला आहे, परंतु माझी खात्री पटत नाही. रांजणवाडी पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी येते, लाल होते आणि हात लावताच ठणकते. माझ्या बाबतीत कडेपासून थोडी वर, मुगाच्या दाण्याएवढी कडक गाठ बोटाला लागते आणि दाबली तरी फारशी दुखत नाही. त्यामुळे तेलग्रंथीचे तोंड बंद होऊन होणारी गाठ, म्हणजे कॅलेझियन, असावी असा माझा अंदाज आहे. ॲलर्जी म्हणावी तर खाज अजिबात नाही आणि दुसरा डोळा स्वच्छ आहे.

ताप, अंधुक दिसणे किंवा डोळा फिरवताना वेदना असती तर मी विचारत न बसता तातडीने डॉक्टरांकडे गेलो असतो. तसे काहीही नाही. सध्या दिवसातून चार वेळा, दहा मिनिटे कोमट पाण्याच्या घडीने शेकतो आणि गाठ दाबून फोडण्याचा मोह टाळतो.

अशी गाठ कोणाला झाली होती का? नुसत्या शेकाने ती किती दिवसांत विरघळली, की नेत्रतज्ज्ञांकडून काढून घ्यावी लागली?