पुराचं कारण सांगून नाशिकचा सराफ बाजार, भांडी बाजार हलवायचा का?

गोदाकाठी_वाढलेला
गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की एक सूचना हमखास कानावर येते: हे दोन्ही बाजार काठावरून उचला आणि शहराबाहेर पार्किंगसकट प्रशस्त संकुल बांधा. माझा याला ठाम विरोध आहे.

हा बाजार कुणी आखून वसवलेला नाही. रामकुंडावर स्नान करून माणूस चढ चढून वर आला की समोर तांबं-पितळ. गंगाजल न्यायला गडू तिथेच घ्यायचा. जवळच तांबट लेन. लग्न ठरलं की एका गल्लीत सोनं, दुसरीत रुखवताची भांडी, मेन रोडला कापड, आणि सगळं पायी. माझ्या आईचा बंब, घंगाळ, कळशी, सगळं इथलंच. ही एकमेकांना लागून असलेली दुकानं संकुलात गाळे क्रमांक देऊन पुन्हा उभी राहत नाहीत.

मीनल_पंचवटी
ज्या चढावरून यात्रेकरू वर येतो त्याच चढावरून पाणीही येतं, दादा. १९६९ चा महापूर आमच्या घरात अजून सांगतात. २००८ चा मी स्वतः पाहिला. पुढे २०१६, २०१९. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की भांडी बाजारात माल माळ्यावर चढवायला सुरुवात, ही आमची लहानपणापासूनची खूण.

२००८ मध्ये मामांच्या दुकानात गुडघाभर गाळ होता. पितळ धुऊन निघालं, पण वह्या, खोकी, लाकडी कपाटं गेली. विकायला आणलेल्या नव्या घंगाळात मामी गाळ भरून बाहेर ओतत होत्या. इतिहास सगळ्या गावाचा, मग नुकसान एकट्या दुकानदाराचं का?

रविवार_कारंजा
तुमच्या दोघांच्याही बोलण्यात सरस्वती नाला येत नाहीये. सराफ बाजारातलं पाणी दर वेळी गंगेचं नसतं. हा नाला दहीपुलाखालून सराफ बाजाराकडे उतरतो आणि गोदावरीला मिळतो. तासभर ढगफुटीसारखा पाऊस पडला की नदी पात्रात असतानाही दुकानांत पाणी शिरतं. आणि नदी फुगलेली असेल तर नाल्याला जायला वाटच नाही, ते पाणी मागे तुंबतं. नाल्याचा मार्ग मोकळा न करता बाजार हलवा म्हणणं मला चुकीचं वाटतं. दुकानं गेली तरी वरच्या वाड्यांतली माणसं तिथेच राहणार आहेत.

मीनल_पंचवटी
नाल्याचं पटलं. पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्यावर नाला काय करणार? शिवाय २००८ नंतर पूर कुठवर येऊ शकतो ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा आली. निळ्या रेषेच्या आतला जुना वाडा पाडून नवा बांधायचा तर अडचणच अडचण. म्हणजे दुकानदाराने मोडकळीला आलेल्या भिंतीत बसून बाजार जपायचा. हे जपणं मला क्रूर वाटतं.

गोदाकाठी_वाढलेला
मीनलताई, भिंतींबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे मी अडून बसणार नाही. पूररेषेतल्या जुन्या बाजारासाठी वेगळा नियम हवा: खालचा मजला रिकामा किंवा धुता येईल असा, गोदाम वर. पितळेच्या व्यापाऱ्याला ते जमण्यासारखं आहे. पूर्वी नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवरून गाव सावध व्हायचं, आज होळकर पुलाखालून किती क्युसेक चाललंय ते मोबाइलवर कळतं. दोन-चार तास हातात मिळतात. तेवढ्यात दुकान रिकामं करायला माणसं आणि हातगाड्या मिळाल्या तरी मोठं नुकसान टळेल. त्यासाठी गावाने पुढे यायला हवं, एकट्या मामांनी नाही.

तुमचे मामा अजून तिथेच आहेत का?

मीनल_पंचवटी
तिथेच आहेत. जून लागला की वह्या घरी आणून ठेवतात. मामेभावाने मात्र गंगापूर रोडला गाळा घेतलाय, आणि मी त्याला अडवणार नाही.