मदत हवी आहे : काक्षी ताऱ्याच्या प्रती एकाच रात्री दोन वेगळ्या का येतात?

धरमपेठ_गच्ची
नागपुरातून मृगातल्या काक्षीची (बीटलज्यूस) दृश्यप्रत (व्ही), म्हणजे डोळ्याला दिसणारं तेज, मोजतोय; आकडा लहान तितका तारा उजळ. डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, तुलनेला मृगातलाच राजन्य (रायगेल). फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातला ०.५२ आली, त्याच रात्री अकराला ०.३६. हा एलईडी पथदिव्यांचा परिणाम आहे का? पुढे बी-व्हीही (निळ्यातली प्रत वजा दृश्यप्रत, म्हणजे ताऱ्याच्या रंगाचा आकडा) काढायचा आहे.

मध्यमंडल
भाऊ, दिव्यांचा यात फारसा हात नाही. ताऱ्याभोवतीच्या कड्यातून आभाळाचा उजेड वजा होतोच. खरा फरक उंचीचा आहे. साडेसातला नागपुरातून काक्षी ७३ अंशांवर आणि राजन्य ६० अंशांवर असतो, एअरमास (उजेडाच्या वाटेतली हवेची जाडी, थेट डोक्यावर १) १.०४ आणि १.१५. अकराला राजन्य ३० अंशांवर येतो (एअरमास २), काक्षी मात्र ४६ वर (१.४). धुरकट हवेत दर एअरमासला ०.३ प्रत घट धरली, तर राजन्य जास्त मंदावतो आणि काक्षी सुमारे ०.१५ ने उजळ निघते. तुमचा फरक जवळपास तेवढाच आहे. तेव्हा साडेसात-आठलाच फोटो घ्या, नाहीतर दोघांच्या एअरमासमधल्या फरकाला घटीच्या दराने गुणून दुरुस्ती करा.

दुसरं म्हणजे राजन्य सोडाच. तो स्वतः किंचित बदलता आहे, शिवाय निळा. त्याचा बी-व्ही -०.०३, काक्षीचा १.८५. कॅमेऱ्याचं हिरवं चॅनेल हुबेहूब व्ही फिल्टर नसतं, रंगगुणांक (बी-व्हीतल्या दर १ फरकामागे प्रतीत येणारी चूक) ०.१ असला तरी या जोडीत ०.१९ ची चूक होते. रोहिणी (व्ही ०.८६, बी-व्ही १.५४) घेतली तर तीच ०.०३ वर येते.

धरमपेठ_गच्ची
रोहिणी ५० मिमीच्या चौकटीत अगदी कडेला जाते. चालेल?

सिरिलवाला
नाही चालणार. दोघांत २१ अंश अंतर आहे आणि लेन्स कडेला उजेड खाते. ३५ मिमी लावा, एफ/४ ठेवा, फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचा फोटो, कडेची घट दुरुस्त करायला) घ्याच. आयएसओ १००, ५ सेकंद, किमान २० फ्रेम. लुकलुक सरासरीत जिरते. फोकस मुद्दाम सोडून ताऱ्याची चकती ८-१० पिक्सेलची करा. बिंदू टोकदार राहिला तर सगळा उजेड कधी लाल पिक्सेलवर पडतो, कधी हिरव्यावर, आणि दर फ्रेमला आकडा उड्या मारतो. १४ बिट कॅमेऱ्याची कमाल १६,३८३. सर्वांत उजळ पिक्सेल १०,००० च्या आत ठेवा. सिरिल या खगोल-फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबेयर न करता (शेजारच्या पिक्सेलचे रंग न मिसळता) हिरवं चॅनेल वेगळं काढा. जेपेग नकोच, त्यात उजेड आणि आकडा यांचं प्रमाण सरळ राहत नाही.

सूत्र : फरक = -२.५ × लॉग (काक्षीचा उजेड ÷ रोहिणीचा उजेड). तो ०.८६ मध्ये मिळवा.

बी-व्हीसाठी प्रश्वा (प्रोसियन, बी-व्ही ०.४२), पोलक्स (१.००) आणि रोहिणी या ताऱ्यांच्या निळा-हिरवा फरकाचा त्यांच्या बी-व्हीशी आलेख काढून सरळ रेषा बसवा. व्हाइट बॅलन्सची काळजी नको, रॉ आकड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. काक्षी या रेषेच्या टोकाबाहेर पडते, म्हणून तिच्या बी-व्हीवर व्हीइतका भरवसा ठेवू नका. निळ्यात हवेची घटही जास्त असते. तारे ५० अंशांच्या वर असतानाच हे मोजा.